देवेशचा धवळा

ठाण्याच्या कॉलेजात जागृती लिबरल आर्ट्स शिकते म्हणजे नक्की काय करते, हे तिच्या गावात, कोपरमध्ये, कुणालाच धड कळलं नव्हतं. आईने तर ‘वकिलीसारखंच काहीतरी’ असं सांगून विषय मिटवला होता. त्यात यंदा, तिसऱ्या वर्षाला, तिला संशोधनाचा प्रकल्प मिळाला. नीरजा मॅडम म्हणाल्या, “चांगला झाला तर बंगळुरूच्या परिषदेत वाचशील.” झालं, पोरीचे पाय जमिनीवर ठरेनात.

विषय घरचाच होता. आगरी लग्नात धवळारीण जी गाणी गाऊन लग्न लावते, ते धवळे. गावात आता एकच धवळारीण उरली होती, आईची मावसबहीण गोदूबाई. तिला सगळं तोंडपाठ, तिच्यामागे कुणालाच नाही. पण लग्नं मे महिन्यात आणि प्रकल्प द्यायचा फेब्रुवारीत. मॅडमना गोदूबाईचा आवाज रेकॉर्ड केलेला हवा होता. शिवाय त्यांनी बजावलं होतं, आपल्या संशोधनाने कुणाला इजा होता कामा नये. जागृतीने ते फारच मनावर घेतलं.

“मांडव नाय, हलद नाय, आन धवला गाऊ?” गोदूबाई ऐकेचना. जागृतीने लाडीगोडी लावली, रुसून पाहिलं, शेवटी मावशी पाघळली. आई कल्याणला बाजाराला गेली, ती दुपार साधून दोघी बसल्या. जागृतीने पाटावर तांदूळ मांडले आणि मोबाइल सुरू केला.

“नाव सांग,” गोदूबाई म्हणाली.

“कुणाचं?”

“नवऱ्याचं, नवरीचं. नावाबिगर धवला नाय, गो. ज्याचं नाव घेतला त्याचं लगीन लागला.”

जागृती अडखळली. जित्याजागत्या कुणाचं नाव द्यावं आणि उद्या त्याच्या लग्नात विघ्न आलं तर? मग तिला सुचलं, आणि सुचलं तेव्हा ते किती बरोबर वाटलं! ज्याला आता कुणीच इजा करू शकत नाही, असं एक नाव घरात होतं. तिचा भाऊ. दोन वर्षांपूर्वी माजिवड्याला बाइकच्या अपघातात गेला तो.

“देवेश,” ती म्हणाली.

“नको, पोरी.”

“मावशी, त्याला काय होणारे आता?”

गोदूबाईने डोळ्यांना पदर लावला. “त्याचं लगीन गायाचा रायलाच माजा. आन नवरी?”

“सान्वी,” जागृतीने तोंडाला आलं ते सांगितलं.

गोदूबाई गायली. एवढी गोड ती कुणाच्या मांडवात गायली नसेल. गाण्यात हळद झाली, नवरदेव नटला, आणि दारात पिशवी पडल्याचा आवाज आला. आई उभी होती. कधी आली होती, देव जाणे.

“थांबू नको, गोदू,” आई म्हणाली. “पुरा कर.”

पण गोदूबाई थांबली ती थांबलीच. ती रडत घरी गेली. नंतर मांडवाचं आवतण घेऊन कुणी आलं की ती दारातूनच परत पाठवू लागली. मेलेल्याचं लावलं, आता जित्यांचं कुठल्या तोंडानं लावू, एवढंच म्हणायची. म्हणजे जे वाचवायला जागृती निघाली होती, ते तिनेच संपवलं. मॅडम मात्र रेकॉर्डिंगवर बेहद्द खूश. बंगळुरू पक्कं झालं. ते ऐकून जागृतीला भडभडून आलं. मॅडमना वाटलं, आनंदाने.

घरी आली तर आई वाटच बघत होती. दोन वर्षांत पहिल्यांदा तिने नीट वेणी घातली होती.

“लाव ना गो तो,” तिने मोबाइलकडे बोट केलं. ऐकता ऐकता हळूच म्हणाली, “कोन गो ही सान्वी? मना कधी बोलला नाय तो. तुना सांगितलेला?”

कुणी नाही गं आई, मी असंच म्हटलं. एवढंच बोलायचं होतं. जागृतीने तोंड उघडलं, आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तिला ते बोलवेना.

“दादा गेला ता त्या पोरीला कलवला तरी काय कुनी?”

“कळवलं,” जागृतीच्या तोंडून निघून गेलं.

आईने मोबाइल उचलून जवळ घेतला.

“मंग आली कशी नाय ती?”