उजव्या हाताला लाल फुली

त्या नाचाच्या खेळाने माझं डोकं फिरवलं ते फिरवलंच, अजून ताळ्यावर नाही.

खेळ लेकीने पाठवला. तिचं म्हणणं, आईबाबा, जेवण झालं की सोफ्यावर पसरता, जरा हातपाय हलवा. टीव्हीला जोडायचा एक काळा डबा आणि दोघांना दोन छोटे रिमोट. गाणं लागतं, पडद्यावर निळ्या केसांची एक बया नाचते आणि उजव्या हातात रिमोट धरून आपण तिच्यासारखं नाचायचं. जमलं की आपल्या नावापुढे चांदणी, हुकलं की लाल फुली. गंमत म्हणजे त्या डब्याला आपण दिसतच नाही. त्याला कळतो फक्त रिमोट धरलेला हात. पाय कपाटात ठेवून आलात तरी त्याची तक्रार नाही. हे मला लेकीने फार उशिरा सांगितलं, तोवर मी उगाच गुडघे झिजवले.

आमच्या ह्यांना मात्र पहिल्या दिवसापासून जमलं. जमणारच! बेकरीत केकवर नावं लिहायचं काम ह्यांचं. हातात आयसिंगचा कोन घेतला की एका दमात नाव पूर्ण, मध्ये श्वास नाही. आमचं घर ह्यांच्या उजव्या हातावर चालतं. मालकाने केकवर छापायचं मशीन कधीच बघून ठेवलंय, पण म्हणतो, "दादा, तुमचा हात आहे तोवर मला मशीन कशाला?" म्हणजे ज्या दिवशी हात बिघडेल त्या दिवशी मशीन दारात. हे आम्हा दोघांना माहीत आहे, आणि दोघंही त्याबद्दल बोलत नाही.

तर हे रोज जिंकायचे आणि वर मला चिडवायचे. "अगं, नाचतेयस की झुरळ मारतेयस?" मी म्हणायचे, "बायकोला हरवून काय मोठे तीर मारलेत!" पण मजा यायची. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही कधी एकत्र घाम गाळला नव्हता, तो ह्या खेळापायी गाळला.

आणि मग ह्यांना फुल्या यायला लागल्या.

पहिल्यांदा मी जिंकले तेव्हा घर डोक्यावर घेतलं. दुसऱ्या दिवशीही मीच. पुढे पुढे तर मीच मी, आणि ह्यांच्या नावापुढे फुल्याच फुल्या. मग माझं मलाच चुकचुकल्यासारखं झालं. मी काही एवढी सुधारले नव्हते, आरशासमोर नाचून खात्री केली होती.

"रिमोट गंडलाय," हे म्हणाले.

मी सेल बदलले. रिमोट पुसला. सोफा मागे ओढला, टीव्हीखालचा टेबलफॅन हलवला. काही नाही. मग रिमोटची अदलाबदल केली. माझा ह्यांना, ह्यांचा मला. तरी चांदण्या मला आणि फुल्या ह्यांना! आता बोला. रिमोट गंडलाय म्हणावं तर तो माझ्या हातात शहाण्यासारखा वागत होता.

"ह्या डब्याला बायका आवडतात," मी म्हटलं. हे हसले नाहीत. डाव्या हातात रिमोट धरून त्यांनी तेच गाणं पुन्हा लावलं, आणि चांदण्यांचा पाऊस!

"बघा! डब्याची उजवी बाजू गेलीय," मी म्हटलं.

लेकीला फोन लावला तर ती म्हणाली, "आई, डब्याला उजवी-डावी बाजू नसते. आणि असली तर तुझा उजवा हात कसा चालतो?"

"तुला काय कळतंय त्यातलं!" मी फोन ठेवला. कळत मलाही नव्हतं. पण वस्तू बिघडली की दुकानात न्यायची, एवढं कळत होतं. पिशवीत डबा टाकला, ह्यांना बेकरी सुटल्यावर तिथूनच उचललं आणि दुकान गाठलं.

दुरुस्तीच्या काउंटरवर एक पोरगी होती, कानभर बाळ्या घातलेली. तिने डबा तिथल्या टीव्हीला जोडला, रिमोट घेतला आणि च्युइंगगम चघळत अर्धं गाणं नाचली. सगळ्या चांदण्या.

"काकू, मशीन ठणठणीत आहे."

"मग ह्यांच्या हातात गेल्यावर त्याला काय धाड भरते?"

"काका, तुम्ही दाखवा बरं नाचून."

हे लाजले. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. पण गाणं लागलं तसे हे सुरू झाले. घरी आम्ही शेजारीशेजारी उभे राहतो, दोघांची तोंडं टीव्हीकडे. इथे ह्यांच्या बाजूला जागाच नव्हती, म्हणून मी टीव्हीला टेकून, ह्यांच्याकडे तोंड करून उभी राहिले. ह्यांना नाचताना समोरून मी पहिल्यांदाच बघत होते.

छान नाचत होते हो. पाय तालात, मान तालात, चेहरा फुललेला. डावा हात पार डोक्यावर जात होता. आणि उजवा? उजवा कोपरात वाकून पोटाशी तसाच. जणू त्याला भाजीची पिशवी अडकवलीय.

मला वाटलं, चेष्टा चाललीय. स्वभावच तसा ह्यांचा. मी भडकले.

"अहो, चारचौघांत काय चाळे लावलेत? हात वर करा की!"

"केलाय की."

"उजवा!"

"उजवाच. हा काय वर!" नजर त्या निळ्या केसांच्या बयेवर, आणि तोंडभर हसू.

पोरगी चघळायची थांबली. मी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा ह्यांच्याकडे. हा माणूस खोटं बोलत नव्हता. आणि हात खाली होता. ह्या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकत्र बसेनात.

"अहो," मी म्हटलं, "नाहीये वर."

त्यांनी मान खाली घालून हाताकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. गाणं चालूच होतं, फुल्या पडतच होत्या.

"अगं, हा खालीच आहे," ते म्हणाले. मग माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी सांगेन आणि सगळं सरळ होईल.

पोरगीने गाणं बंद केलं. "काकू, रिमोट नका दाखवू कुणाला," ती हळूच म्हणाली. "काकांना दाखवा. डॉक्टरला."

हे ऐकतच नव्हते. एकदम म्हणाले, "मग मी सकाळपासून केकवर काय लिहिलंय?"

डबा तिथेच टाकून आम्ही बेकरीत परत आलो. मालक शटर अर्धं ओढत होता, त्याच्या काखेखालून आत शिरलो. काचेच्या कपाटात उद्या न्यायचे केक ओळीने मांडलेले. प्रत्येक नावाचं पहिलं अक्षर झोकदार, ह्यांच्या हातचं. पुढचं त्याहून लहान, त्याच्या पुढचं आणखी लहान, आणि शेवटाला तर मुंग्याच. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"हे कधीपासून?" मी मालकाला विचारलं.

"झाले की बरेच दिवस. मला वाटलं, दादांनी नवी फॅशन काढली." तो ओशाळला. "गिऱ्हाइकं कुरकुरतात थोडी. म्हणून मशीनवाल्याला उद्या बोलावलंय, नुसतं बघायला."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. "अहो, मग बोलायला काय झालं होतं? डोळ्यांदेखत हे चाललंय आणि तुम्ही गप्प?"

"मी गल्ल्यावर असतो, वहिनी," तो म्हणाला. "घरी त्यांच्याजवळ तुम्ही असता."

टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी दोन ठेवून दिल्या असत्या. मला रडू आलं, आणि मालकासमोर ते गिळताही येईना.

मागे भांड्याचा आवाज झाला. ह्यांनी कोन भरला होता आणि ओट्यावर बटर पेपर पसरला होता.

"सांग, काय लिहू?"

"लेकीचं नाव लिहा," मी म्हटलं आणि ओट्याच्या पलीकडे, त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले. मालकही आला, शटरची काठी हातात घेऊन.

पहिलं अक्षर सुरेख आलं. मालकाने सुस्कारा सोडला. दुसरं बारीक आलं.

"मोठं काढा," मी म्हटलं.

"मोठंच काढतोय गं."

"आणखी मोठं!"

त्यांनी दातांत जीभ धरली, खांदा पुढे घातला आणि अंगातला सगळा जोर लावून तिसरं अक्षर काढलं. ते दुसऱ्याच्याही निम्मं होतं.