मास्कमागचं बोलणं

मुक्ताबाईचा आवाज असा, की श्रीखंडाचे कप भरणारं मशीन धडधडत असतानाही तो पार कोल्ड रूमपर्यंत जायचा. कोल्हारच्या त्या छोट्या डेअरीत ती पॅकिंगच्या बायकांची मुकादम होती. शिकवायचं ते ओरडून, रागवायचं ते ओरडून, आणि माया आली तरी ओरडूनच.

त्यामुळे वैजनाथ मॅनेजरने इन्शाला तिच्यापुढे उभं करून सांगितलं, "हिला ऐकू येत नाही, मुक्ताबाई. सांभाळून घ्या," तेव्हा ती गोंधळलीच. मग इन्शाच्या कानाशी तोंड नेऊन तिने जोरात विचारलं, "जेवान आनलंय का गं?"

सगळ्या बायका हसल्या. इन्शाही हसली.

इन्शा श्रीरामपूरहून एसटीने यायची. कर्णबधिर शाळेत शिकलेली, पंचविशीतली, हाताला मोठी चलाख. कपांना झाकणं लावायचं काम तिने नुसतं बघून उचललं. मुक्ताबाई घरी सुनेला कौतुकाने सांगायची, "लई गुनाची पोर हाय. कशाला न्हाई म्हनून म्हनत न्हाई. काय बी सांगा, मान डोलावती."

उन्हाळा लागला, श्रीखंडाची मागणी वाढली आणि शिफ्ट आठऐवजी सातला सुरू करायचं ठरलं. वैजनाथने हॉलमध्ये उभं राहून तसं सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, इन्शानेही. आणि दुसऱ्या दिवशी ती आठलाच आली. उशिरा आलेल्याला आत घ्यायचं नाही, असा नियम. वॉचमन बन्सीने तिला गेटवरच थांबवलं. चहाच्या सुट्टीत मुक्ताबाई बाहेर आली, तर ही पोर लिंबाच्या झाडाखाली डबा छातीशी धरून उभी.

"अगं, काल सायबांनी सांगितलं न्हवं? तू तर मान डोलावली हुतीस!"

इन्शाने तिच्या ओठांकडे नीट पाहिलं. मग मुक्ताबाईच्या गळ्यात लोंबणाऱ्या मास्ककडे बोट दाखवलं, आपला तळवा तोंडावर धरला आणि मान हलवली. हॉलमध्ये सगळ्यांचीच तोंडं झाकलेली. ओठ दिसणार कुणाचे? मग तिने आजूबाजूच्या बायकांकडे पाहिल्यासारखं केलं आणि मान डोलावून दाखवली. सगळ्या डोलावत होत्या, म्हणून मीही.

 मुक्ताबाईने इन्शाचा हात धरला आणि तिला थेट वैजनाथच्या केबिनमध्ये नेलं.

"सायेब, हिची गैरहजेरी लावू नका."

"अहो, मी सगळ्यांसमोर सांगितलं होतं."

"सांगितलं व्हय. पर हिला कुठं सांगितलं?"

वैजनाथने इन्शाकडे पाहिलं. "माझ्या डोक्यातच नाही आलं," तो हळूच म्हणाला. मास्क खाली ओढून, तिच्याकडे तोंड करून तो सावकाश म्हणाला, "चुकलं माझं." त्याच दुपारी हॉलच्या दारात एक फळा लागला. जे काही सांगायचं, ते आधी फळ्यावर लिहायचं ठरलं.

पण मुक्ताबाईच्या मनातून ते जाईना. दुसऱ्या दिवशी चहाला सगळ्या गोल बसल्या होत्या. पॅकिंगमधलीच रुपाली आपल्या नवऱ्याचा, आसारामचा, किस्सा सांगत होती. बायका खो खो हसल्या. इन्शाही हसली. पण आज मुक्ताबाईचं लक्ष होतं. पोरीने आधी सगळ्यांचे चेहरे पाहिले आणि मग ती हसली.

मुक्ताबाईने कप खाली ठेवला आणि भुवया उंचावून विचारलं, काय कळलं?

इन्शाचं हसू मावळलं. तिने नजर खाली घातली आणि नकारार्थी मान हलवली.

"रुपाली, परत सांग. हातानं सांग."

"हातानं कसं सांगू, मावशी?"

"सरक बाजूला, मीच सांगती."

मुक्ताबाई मधोमध उभी राहिली. ऐटीत कॉलर ताठ केली, भांग पाडला: आसाराम लग्नाला निघालाय. दोन बोटांची शिंगं केली: ही म्हैस. ॲप्रनचा बंद शेपटीसारखा गरकन फिरवून स्वतःच्याच छातीवर फटकारला आणि नाक दाबलं: नव्या शर्टावर शेण! मग कुणाचं तरी तान्हं पोर उचलल्यासारखं करून छातीशी धरलं, डाग झाकला, आणि साऱ्या मांडवात मिरवली. एकदम थबकली. हळूच खाली पाहिलं. पोराने कार्यक्रम उरकला होता.

इन्शा मोठ्याने हसली. मोकळं, घोगरं, चढत जाणारं हसू. तिचा आवाज त्या दिवशी बायकांनी पहिल्यांदा ऐकला. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मुक्ताबाईच्याही.

मग डोळे पुसून इन्शा उठली आणि हातांनी आपल्या अम्मीचा, बद्रुन्निसाचा, किस्सा सांगू लागली. कोंबडी होती, शिडी होती, पुढे शेजारीणही होती. बाकीचं कुणालाच नीटसं कळेना. रुपालीने इकडेतिकडे पाहिलं आणि ती हसली. इन्शाने चटकन तिच्यापुढे बोट नाचवलं: कळलं नसताना हसायचं नाही! आणि अख्खा किस्सा पहिल्यापासून परत सांगितला.

आता जेवणाच्या सुट्टीत ती बायकांना खुणा शिकवते. मुक्ताबाईची बोटं कामाने राठ झालेली, पटकन वळत नाहीत. 'पाणी' म्हणायला जाते आणि भलतंच काहीतरी होतं. मग इन्शा तिचा हात आपल्या मांडीवर घेते आणि एकेक बोट धरून नीट वळवते.