बाळंतिणीनं वर बघू नये

बाळंतिणीला दुसरं काम काय असतं हो? उताणं पडायचं आणि वर बघायचं. तेजस्वी पहिल्या बाळंतपणाला गडमुडशिंगीला माहेरी आली, तशी आईनं तिला आतल्या खोलीत घातलं, खिडकीच्या फटीत जुन्या साड्या कोंबल्या, बाजेखाली शेगडी सरकवली आणि बजावलं, "बारशापातूर दाराभाईर पाय टाकायचा न्हाय. वारं लागंल." झालं! पोर कुशीत, धूर नाकात आणि डोळ्यांपुढं तो स्लॅब.

स्लॅबवर आधी एक डाग दिसला, चहाचा कप टेकवल्यावर उमटतो तेवढा. बघता बघता तो ताटाएवढा झाला. कडेनं पांढरा खार फुटला, मधलं प्लास्टर फुगलं आणि तिथनं एक चीर निघाली ती सरळ पाळण्याच्या कडीकडं. कडीच्या बुडाशी गंजाचा तांबूस ओघळ. एका सकाळी तर पोराच्या दुपट्यावर वाळू सांडलेली.

"आई, स्लॅब खराब झालाय. बघ की वर!"

आईनं निखाऱ्यावर ओव्याची चिमूट टाकली. "धुरीनं काळं पडलंय ते. तुझ्या येळंला कौलं काळी झालती."

"धुरीनं प्लास्टर फुगतंय व्हय?"

"बाळंतिणीनं वर बघत बसू ने. डोळं जात्यात."

आता याच्यापुढं काय बोलणार, कपाळ? भाऊ कृष्णात तर त्याहून वरताण. त्यानं स्लॅबवर म्हशींच्या पाण्यासाठी विटांचा हौद बांधला होता. मोटर लावायची आणि गडी चौकात गप्पा हाणायला पसार! हौद वाहायचा, पाणी स्लॅबभर साचायचं, आणि खाली बाजेवर पडून तेजस्वी ते ऐकत राहायची. तिनं सांगितलं तर दारातनंच म्हणाला, "माझ्या नजरंखाली वतलाय स्लॅब. हत्ती नाचवा, हलणार न्हाय." मान वर करायचे कष्ट काही त्यानं घेतले नाहीत.

तिनं झाडूच्या दांड्यानं वर ठोकून बघितलं. कोपऱ्यात टणटण वाजलं, डागापाशी भदभद. आईनं झाडू हिसकावून घेतला. "बाळंतिणीच्या खोलीत झाडू वर करतीस? अवदसा आठवली काय?" सोप्यात झोपते म्हणाली तर सोप्यात वारं. नवऱ्याला फोन केला तर धैर्यशील म्हणाला, "सव्वा महिना झाल्याबिगर आमची आई न्यायला सोडत न्हाय. जरा काढ की कळ." सगळ्यांनी मिळून तिला त्या छताखाली अगदी मायेनं कोंडलं होतं. ती बाज ओढून भिंतीशी न्यायची, आई परत शेगडीवर आणायची. मग ती पोरावर ओणवी व्हायची, पाठ वर करून. पडलंच तर आधी आपल्यावर पडू दे. एवढंच तिच्या हातात होतं. तिला भयंकर भीती वाटायची, आणि त्याहून भयंकर राग यायचा.

बारशाला खोली बायकांनी गच्च भरली. कृष्णातनं त्याच कडीला पाळणा टांगला.

"ह्यात बाळ घालायचं न्हाय," तेजस्वी म्हणाली.

"थू थू थू!" धोंडुबाई आत्ती कडाडली. "पाळण्याला न्हाय म्हणत्यात व्हय गं? पोराची आई हैस का वैरीण?" आणि तिनं पोर उचलून स्वतःच्या मांडीवर घेतलं सुद्धा.

आता दाराशी बायका, खिडकीला बोळे, आणि पोर आत्तीच्या हातात. तेवढ्यात कुणीतरी वरवंटा आणला, टोपडं घातलेला, कुंकू लावलेला. बाळाआधी वरवंट्याला झोका द्यायचा, म्हणजे बाळ तसंच दणकट होतं. बाळाच्या आईनं एकदा द्यायचा असतो तो झोका.

तेजस्वीनं दिला. मग दुसरा दिला. मग पाळणा दोन्ही हातांनी धरून दण्णदिशी ढकलला.

"अगं बया, वरवंटाच झोपवतीस काय?" बायका हसायला लागल्या.

ती थांबेना. दात-ओठ खाऊन, टाके ओढत असताना, ती पाळणा हाणत राहिली. बायकांचं हसू मावळलं. "धरा गं हिला!" आई ओरडली. आणि कडाक्दिशी कडी निसटली. परातीएवढा ढलपा घेऊन पाळणा खाली आदळला. वरवंट्याचे दोन तुकडे झाले. वर गंजक्या सळ्या उघड्या पडल्या आणि त्यातनं पाणी टपकायला लागलं.

धूळ बसली तसे आत्तीनं हात जोडले. "गंडांतर वरवंट्यावर गेलं गं बाई! बाळाचं टळलं! कृष्णात, पलीकडच्या कडीला बांध पाळणा. येळ टळाय लागलीया."

आणि कृष्णात खरंच दोरी सोडायला वाकला, काय म्हणावं या माणसाला!

तेजस्वीनं आत्तीच्या मांडीवरनं पोर ओढून घेतलं आणि बायकांच्या पायांतनं वाट काढत दाराकडं निघाली.

"अगं वारं लागंल! नाव ठेवायचं ऱ्हायलंय!" आई मागनं ओरडली.

"भाईर ठेवा नाव."

अंगणात म्हशींशेजारी, भर उन्हात, ती फतकल मारून बसली आणि पोराला छातीशी धरून मोठ्यानं रडली. आई मागोमाग दारात आली. मग अंगणात उतरून लेकीजवळ बसली.