तीन बोटांची ढिलाई

तीन बोटं.

दोन लाख एक्याण्णव हजार किलोमीटर.

दादाचा पुढे केलेला रिकामा हात.

भिंत आणि बंपर यांच्यामधली वीतभर हवा.

आईची पर्स, जी तिने शेवटपर्यंत काखेतून काढली नाही.

तीन बोटं म्हणजे अशी: बाबांच्या गाडीचं स्टिअरिंग तेवढं फिरेपर्यंत चाकांना पत्ताच नसायचा. सरळ रस्त्यावर गाडी डुलत जायची; मीटरवर दोन लाख एक्याण्णव हजार किलोमीटर झाले होते. शेजारच्या काकांनी ते दादाच्या कानावर घातलं आणि दादाने मला फोन केला.

"बाबांचं वय झालं. शनिवारी येतोय. किल्ली काढून घेणार."

"दोष गाडीचा आहे."

"सिद्ध कर."

माझं स्वतःचं गॅरेज आहे. दोष शोधण्यावरच माझं पोट चालतं.

शनिवारी आई, बाबा, दादा, तिघंही गॅरेजात हजर. बाबा स्टिअरिंगवर, मी गाडीखाली.

"बाबा, हलवा. डावी-उजवी. थोडंच."

"थोडं म्हणजे किती?"

"चहात साखर ढवळता तेवढं."

ते हलवत राहिले आणि मी एकेका सांध्यावर तळहात ठेवत गेले. स्टिअरिंगच्या दांड्याचा सांधा गप्प. चाकं वळवणारा रॅक गप्प. डावा टायरॉड, म्हणजे रॅकपासून चाकापर्यंतचा दांडा, गप्प. उजव्या टायरॉडचं टोक, जिथे तो चाकाला धरतो, तिथे: टक्.

"परत."

टक्.

नट काढला, हातोडीने एक टोला दिला. त्या टोकात वाटीत बसवलेली एक गोळी असते. ती वाटीतून काढायची म्हणजे घाम फुटतो. ही आपणहून माझ्या हातात आली. कोरडी, गंजलेली.

बाहेर येऊन मी ती सगळ्यांना दाखवली.

"ही चालत्या गाडीत निघाली असती तर?" दादाने विचारलं.

"तर उजवं चाक त्याला वाटेल तिकडे गेलं असतं."

आईने मागे न बघता स्टूल चाचपलं आणि बसली. बाजारात जाताना ती हीच गाडी नेते. "काल मी पुलावरून आले हिच्यातून," ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाली.

मी दोन्ही बाजूंची टोकं नवी घातली. नट आवळले, पिना घातल्या, गाडी ढकलतच अलाइनमेंटच्या मशीनवर घेतली. आता करंगळीएवढीही ढिलाई उरली नव्हती.

माझ्याकडे एक नियम आहे. दुरुस्त झालेली गाडी आधी मी चालवते, मग मालकाला देते. त्या दिवशी दादासमोर मी किल्ली सरळ बाबांच्या हातात दिली. म्हटलं, आजचा मान त्यांचा.

आवारात गाडी जेमतेम आठ मीटर गेली. डावीकडे झेपावली. मग उजवीकडे, त्याहून जोरात. टायर किंचाळले. भिंत.

वीतभर अलीकडे गाडी बंद पडली.

बाबांचे दोन्ही हात हवेत होते, स्टिअरिंगने चटका दिल्यासारखे. "अगं, मी काही केलं नाही," ते म्हणाले. "खरंच काही केलं नाही."

माझाच नट राहिला असणार. मी आडवी होऊन गाडीखाली घुसले. सगळे नट जागेवर, पिनाही. माझी चूक सापडली असती तर मी पेढे वाटले असते.

दादाने हात पुढे केला. "बाबा. किल्ली."

आणि बाबांनी दिली. ज्या माणसाने टीव्हीचा रिमोट कधी सुखासुखी सोडला नाही, त्याने.

दादाने गाडी फाटकापर्यंत नेली, परत आणली. दोरी धरल्यासारखी सरळ. "गाडी मस्त झालीय," तो म्हणाला, माझ्याकडे न बघता.

"ऊठ," आई त्याला म्हणाली.

"तू कशाला आता?"

"ऊठ म्हणते ना! उद्यापासून बाजारात कोण जाणार, तू?"

पर्स काखेत तशीच ठेवून ती बसली. गाडी सुरू केली. आठ मीटर. डावीकडे. मग उजवीकडे. टायर किंचाळले. बाबांच्याच काळ्या रेघांवर ती थांबली.

"अगंबाई."

आईला अजून चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवता येतो. तिच्या वयाबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. मी तिच्या हातांकडे पाहिलं. गाडी थांबली होती तरी ते डावी-उजवी हलत होते, थोडं थोडं. अगदी बाबांचे हलायचे तसे.

इतकी वर्षं ही दोघं प्रत्येक वळणाला तीन बोटं जास्त देत आली होती. ढिलाई मी काढली होती. हात तसेच होते.

"दादा," मी म्हटलं, "हे वय नाही. सवय आहे. तुला ती नाही, म्हणून तुझी सरळ गेली."

त्याच्याही ते लक्षात आलं होतं.

"अहो, तुमचं म्हणे वय झालंय," आई खिडकीतून बाबांना म्हणाली. "मग माझं काय झालंय, विचारा याला."

दादाने वाकून आतली किल्ली काढली आणि बाबांच्या तळहातावर ठेवली.

"आधी इथेच. आवारात. शंभर फेऱ्या."

"पन्नास," बाबा म्हणाले.

हीच गाडी नवी घेतली तेव्हा बाबा चौतीस वर्षांचे होते, आणि घरी आणताना त्यांनी पहिल्याच वळणावर ती विजेच्या खांबाला घासली होती.