पवनगिरी महाराजांची दुसरी तुला

त्या चैत्रात चाळीसगावच्या आमच्या व्यायामशाळेसमोर इतकी गर्दी व्हायची की माझ्या गिरणीवर दळण आणणाऱ्या बायांना डोक्यावरचा डबा सांभाळत आडवं चालावं लागे. साल एकोणनव्वद. गर्दी पवनगिरी महाराजांसाठी होती.

महाराज महाशिवरात्रीपासून नुसत्या वाऱ्यावर जगत होते. निदान त्यांचा शिष्य भोंग्यावरून तसं सांगे. "अन्नाचा कण नाही! फळाची फोड नाही! पवन हाच आहार, पवन हाच विहार!" रोज सकाळी आतल्या खोलीत पडदा लावून महाराजांना पंचामृताचा अभिषेक होई. मग महाराज बाहेर येत, व्यायामशाळेतला सगळ्यात जड बार डोक्यावर उचलत आणि तो धाडकन खाली टाकून मोठा ढेकर देत. वारा पिणाऱ्याला ढेकर येणारच, असं लोकांनी ठरवून टाकलं होतं.

"बठ्ठं वारावर शे, भो!" शेजारचे पुना आबा मला म्हणाले, म्हणजे सगळं वाऱ्यावरच चालतंय. "आनि तू अजून गिरणी चालाडस? बंद कर आते!"

मला हसू आलं नाही. माझा मुलगा भटू त्या गर्दीत सगळ्यात पुढे उभा होता.

भटू वीस वर्षांचा. वजनं उचलायचा. त्याची आई सुनंदा होती तोवर त्याच्या ताटात भाकरी मोजायची पद्धत आमच्या घरी नव्हती. तो हात आडवा धरेपर्यंत ती वाढत राही, आणि हात आडवा धरल्यावर आणखी एक. पौषात ती गेली. त्यानंतर भाकरी मी करत होतो. माझी भाकरी एका बाजूला जाड, एका बाजूला जळलेली. भटू अर्धी खायचा आणि उठायचा. मी काही बोलायचो नाही. मलाही ती जात नव्हती.

महाराज आले आणि त्याने ती अर्धीही सोडली. महाराजांनी व्यायामशाळेतल्या पोरांना चिमूटभर विभूती आणि रोज हजार बैठकांचा नेम दिला होता. जेवायचं नाही, पाणी प्यायचं आणि सकाळी वाऱ्याकडे तोंड करून जबडा उघडायचा. बाकीची पोरं चोरून शेवभाजी खाऊन यायची. माझा मुलगा प्रामाणिक होता.

"भटू, दोन घास खा रे."

"भूक ही मनाची सवय आहे, बाबा. महाराज सांगतात, सवय सोडली की सुटते." मग खाली बघत म्हणाला, "आईची सवय सोडावी लागलीच ना? तशी हीपण सुटेल."

मी ताट झाकून ठेवलं.

चार-पाच दिवसांनी बाकावर झोपून बार उचलताना भटूच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि बार छातीवर आला. कौतिक सर जवळ होते म्हणून पोरगं वाचलं. सर हायस्कूलात पी.टी. शिकवत आणि संध्याकाळी व्यायामशाळा बघत. ते भटूला धरून गिरणीवर घेऊन आले.

"जीवरामभाऊ, तुमची गिरणी डिझेलशिवाय चालते का?"

"नाही."

"मग हा कसा चालेल? खुर्चीवर बसून काम करणाऱ्याला दिवसाला दोन-सव्वादोन हजार कॅलरी लागतात. हा बार उचलतो, याला तीन हजारांच्या वर पाहिजेत. याच्या पोटात शून्य. वरून रोज हजार बैठका. अहो, जड वजन थोड्या वेळा उचलायचं, मग एक दिवस अंगाला विश्रांती द्यायची. अंग विश्रांतीत भरतं, आणि तेही पोटात काही असलं तर. आता हा स्वतःचं मांस जाळतोय."

"सर, मग महाराज कसे उचलतात?" भटूने विचारलं.

सरांनाही ते माहीत नव्हतं. महाराज खरोखर बार उचलत होते आणि तो बार खरोखर लोखंडाचा होता. सरांनी तो स्वतः तपासला होता.

त्याच वेळी कापसाच्या पेढीवरच्या प्रेमकुंवरबाई डाळीचा डबा घेऊन आल्या होत्या. वय सत्तरीच्या पुढे, नाकात हिरा, जीभ तिखट. त्यांनी सगळं ऐकलं.

"बेटा, तुझे महाराज उपासाचे आहेत?" त्यांनी भटूला विचारलं. "मी उभा जन्म उपास केले. आम्हा जैनांच्या पर्युषणात आठ दिवस नुसतं उकळलेलं पाणी. तिसऱ्या दिवशी तोंडाला घाण वास सुटतो. पाचव्या दिवशी जिना चढवत नाही. आठव्या दिवशी दोघी सुना दोन बाजूंनी धरून नेतात. मी काल महाराजांच्या पाया पडले, तोंड जवळ आलं होतं. वेलदोड्याचा वास आला."

"देवाचा सुगंध असेल, माँजी," भटू म्हणाला.

"असेल. देवाला वेलदोडा कोणी घातला ते बघू. जीवरामभाऊ, अभिषेकाला दूध किती जातं?"

"कळशी भरून. वर तूप, मध, साखर, केळी. कोणी कोणी बदामही देतं."

"आणि नंतर तीर्थ किती वाटतात?"

मी आठवून बघितलं. तीर्थ कधी मिळालंच नव्हतं. खोलीची मोरी माझ्या गिरणीमागे उघडते. तिथून रोज पाणी यायचं. पांढरं कधी आलं नाही, मुंगीसुद्धा लागली नाही. मी ते रोज बघत होतो, पण अभिषेकाचं दूध कुठे जातं हे कोणी विचारत नाही. आमच्यात अभिषेक म्हणजे अंघोळ. अंघोळीला जेवण कोण म्हणेल?

दुसऱ्या दिवशी प्रेमकुंवरबाई महाराजांपुढे पदर पसरून उभ्या राहिल्या. "महाराज, माझा नवस आहे. आपली केळ्यांनी तुला करायची."

तुला म्हणजे मोठा मान. काट्याच्या एका पारड्यात महाराज, दुसऱ्यात तेवढ्याच वजनाची केळी. महाराजांनी डोळे मिटून मान हलवली.

पेढीवरचा कापसाचा मोठा काटा व्यायामशाळेच्या दारात टांगला. अभिषेकाच्या आधी महाराज कोरडा पंचा नेसून पारड्यात बसले. केळी ठेवायचा मान लाडका शिष्य म्हणून भटूला मिळाला. घड चढले, पारडी समान झाली, जयजयकार झाला. मग महाराज अभिषेकाला गेले. केळी पारड्यातच राहिली.

अर्ध्या तासाने ते ओठ पुसत बाहेर आले आणि बारकडे निघाले. प्रेमकुंवरबाई आडव्या आल्या.

"महाराज, नवस दोन तुलांचा आहे. पंचा बदला, कोरडा नेसा, नाहीतर लोक म्हणतील पाण्याचं वजन."

"आता वेळ नाही, माई."

"तुला नाकारली तर नवस फुटेल. पाप कोणाला लागेल?"

गर्दीच ओरडली, "बसा महाराज, बसा!" महाराज बसले.

पारडं खाली गेलं.

भटूने एक केळं टाकलं. मग आणखी. फणी टाकली. पारडं हलेना. दुसरी फणी टाकली तेव्हा कुठे दांडी सरळ झाली.

"शक्ती," महाराज म्हणाले. "अभिषेकाने शक्ती संचारते."

"दोन फण्या शक्ती," कौतिक सर म्हणाले.

पुना आबा म्हणाले, "मी अंघोळ करस तं मनं वजन का बरं नही वाढस?"

लोक हसायला लागले. तेवढ्यात प्रेमकुंवरबाई पडदा सारून आत गेल्या. सत्तरीच्या बाईला कोण अडवणार? त्या अभिषेकाचं घंगाळ घेऊन बाहेर आल्या. तळाशी वाटलेले बदाम, वेलदोडा आणि केळ्याचा गाळ होता. त्यातच पितळी पेला. शिष्य डोक्यावरून नुसतं पाणी ओतत होता. पंचामृत महाराजांच्या पोटात जात होतं.

"हा तर पहिलवानाचा खुराक!" सर म्हणाले. "रोज एवढं मिळालं तर मीही बार उचलेन."

महाराज पारड्यातून उतरले. उतरताना केळ्यांचं पारडं धप्पकन जमिनीला लागलं आणि केळी भटूच्या पायाशी घरंगळली.

सगळे महाराजांकडे बघत होते. मी भटूकडे. त्याने एक केळं उचललं. बराच वेळ हातात धरलं. मग सोललं आणि खाल्लं. मग दुसरं.

"हळू बेटा," प्रेमकुंवरबाई म्हणाल्या. "उपास सावकाश सोडतात."

महाराज दुपारच्या पॅसेंजरने गेले. कुठे ते माहीत नाही. तुमच्या गावी आले असतील, म्हणून हे लिहिलं. कोणी म्हणालं की मी काही खात नाही, तर त्याच्याशी वाद घालू नका आणि त्याच्या पायाही पडू नका. त्याला एकदा तोला, आणि पडद्याआडून आल्यावर पुन्हा तोला. आणि तुमच्या घरात कोणी अर्ध्या ताटावरून उठत असेल, तर ते कोणाच्या आठवणीने, हे आधी विचारा. मी उशिरा विचारलं.

त्या संध्याकाळी मी भाकरी केली. एका बाजूला जाड, एका बाजूला जळलेली. भटूने ती अख्खी खाल्ली. मी दुसरी वाढायला गेलो तर त्याने हात आडवा धरला.

मी आणखी एक वाढली.