आधीचं चित्र

चित्रकलेच्या बाईंनी वर्गाला वाईट चित्र काढायला सांगितलं, तेव्हा मुलांना वाटलं, बाईंना बरं नाही.

"म्हणजे मुद्दाम वाईट?" मॉनिटरनं विचारलं. वर्गात सगळ्यात छान चित्र तिचं असायचं आणि प्रत्येक गोष्ट दोनदा विचारून घ्यायची तिला सवय होती.

"वर्षाच्या सुरुवातीला काढत होतात ना, तसं काढा. दोरीवरच्या उड्या मारणारी मुलगी. मी शिकवलेलं सगळं विसरून जा."

शिकवलेलं विसरा असं सांगायची वेळ कुठल्याही शिक्षकावर येऊ नये. बाईंवर ती 'रंगपेटी'मुळे आली होती.

आता ही रंगपेटी म्हणजे काय, ते सांगायला हवं. शाळेत गणिताचे शिक्षक तीन-चार असतात, भाषेचे त्याहून जास्त. चित्रकलेची बाई मात्र एकटीच. परीक्षा जवळ आली की तिचा तास गणितवाले पळवतात. कार्यक्रमाचा फलक रंगवायचा असला की मात्र तिच्यावाचून सगळ्यांचं अडतं. शिक्षकांच्या खोलीत तिनं जलरंगाच्या कागदाचा विषय काढला तर समोरचा माणूस चहाच्या कपात तोंड घालतो. अशा ठिकठिकाणच्या एकट्यांनी इंटरनेटवर मांडलेला संसार म्हणजे रंगपेटी. कुणी त्यावर पाठाची टिपणं टाकायचं, कुणी ठसेकामाचा व्हिडिओ. 'मातीची भांडी वाळताना तडकतात, काय करू?' असं कुणी विचारलं की कुठून कुठून उत्तरं यायची. हा सगळा पसारा एक निवृत्त शिक्षिका सांभाळायच्या. त्यांना सगळे माई म्हणत.

बाई तिथं रमल्या होत्या. घरी नवरा म्हणायचा, "माझ्या आईचा वाढदिवस विसरतेस, आणि रंगपेटीतल्या कुणाच्या शाळेत कुठला रंग संपलाय ते तुला तोंडपाठ!" बाई हसायच्या. खरं तर त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. रंगपेटीत त्यांना कुणीतरी विचारत होतं, एवढंच.

त्या वर्षी बाईंनी मुलांना माणूस काढायला शिकवला होता. डोकं, डोळे, कपडे सगळं नंतर. आधी अंगाच्या हालचालीची एकच रेघ, सुतळी टाकल्यासारखी, आणि मग त्या रेघेवर माणूस उभा करायचा. मुलांची चित्रं खरंच पळायला लागली होती, उड्या मारायला लागली होती. हे कष्ट बाईंचे होते, त्यात खोट काढायला जागा नाही. त्यांनी रंगपेटीत तसं लिहिलं आणि माईंचा निरोप आला: एकाच मुलाचं आधीचं आणि नंतरचं चित्र पाठवा. तक्ता करून साहित्यसंग्रहात ठेवू, म्हणजे सगळ्यांना उतरवून घेता येईल.

नंतरच्या चित्रांचा ढीग होता. आधीची चित्रं कुठं होती? बाईंनीच त्यांचे तुकडे करून मुलांना ब्रश पुसायला दिले होते. चित्रकलेच्या वर्गात जुन्या कागदाचं हेच होतं, त्यात काही पाप नाही. माईंना तसं कळवलं असतं तर एका ओळीत विषय मिटला असता. पण तक्त्यावर आपलं नाव आलेलं बाईंना आधीच दिसायला लागलं होतं.

म्हणून ते वाईट चित्रांचं फर्मान. वर्गाला तर आनंदीआनंद झाला. कुणी मुलीला तीन डोळे काढले, कुणी शेपूट लावलं. मॉनिटरनं नाक डोक्यावर काढलं, पण उडीची रेघ तिला काही विसरता येईना. मुलगी छान हवेत गेली होती, फक्त नाक डोक्यावर होतं. बाई बाकांमधून फिरत होत्या आणि वैतागत होत्या. सगळी चित्रं खोटी दिसत होती.

शेवटच्या बाकावर लिंबू होती. मधल्या सुट्टीच्या खेळात ती कायम लिंबूटिंबू, बाद झाली तरी बाद नाही आणि जिंकली तरी जिंकली नाही. तेच नाव पुढं वर्गातही चिकटलं. ती अर्धं वर्ष सरल्यावर या शाळेत आली होती, त्यामुळे सुतळीच्या रेघेचा धडा तिच्या वाट्याला आलाच नव्हता. आजही दात दाखवायला गेल्यामुळे ती उशिरा आली होती. फळ्यावर विषय वाचून ती मुकाट्यानं चित्राला लागली होती.

तिच्या चित्रातल्या मुलीचे हात कानातून निघाले होते. दोन्ही पाय एकाच दिशेला वळले होते आणि दोरी पोटातून आरपार गेली होती.

"वा!" बाईंच्या तोंडून निघून गेलं. "अगदी हेच हवं होतं मला! वा, वा!"

लिंबूनं वर पाहिलं. या खोलीत तिला कुणी वा म्हणण्याची ही पहिलीच वेळ होती. तिचे कान लाल झाले.

बाईंनी कागद उचलला आणि त्यांना दिसलं, हातांच्या जागी कागद खोडून खोडून पातळ झाला होता. मुद्दाम वाईट काढणारं मूल खोडत नाही. खोडतं ते, ज्याला चांगलं काढायचं असतं. एवढं कळायला चित्रकलेच्या बाईला कितीसा वेळ लागणार? बाईंना ते तिथंच, लिंबूच्या बाकाशी उभ्या असतानाच कळलं. तरीही त्यांनी तो कागद खिडकीशी नेला, फोटो काढला आणि फोनवर उजेड वाढवत नेला. खोडल्याच्या खुणा पार दिसेनाशा झाल्या. मग त्याच्या शेजारी मॉनिटरचं नंतरचं चित्र जोडलं आणि दोन्ही पाठवून दिली.

तक्ता झाला. रंगपेटीत कौतुकाचा पाऊस पडला. 'ताई, कमाल केलीत.' 'आमच्या वर्गात आजच लावला.' 'एवढा फरक? हात जोडते तुम्हाला.' लोकांनी बाईंना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि बाईही न कुरकुरता चढल्या. कधीतरी जिवाला टोचायचं. पण लिंबूचं नाव तक्त्यावर नव्हतंच, आणि एवढ्या लांबचं तिला काय कळणार, असं त्या स्वतःला समजवायच्या.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. शाळेच्या मोठ्या बाईंना या कौतुकाचा पत्ता लागला आणि त्यांनी तो तक्ता मोठा छापून जिन्यात लावला.

बाई सकाळी जिना चढत होत्या, तर वर गर्दी जमलेली. लिंबूचा आवाज सगळ्यात मोठा.

"माझं आहे! ते माझं चित्र आहे! बाई मला वा म्हणाल्या होत्या!"

मग कुणीतरी मोठ्यानं वाचायला लागलं. तक्ता चांगला व्हावा म्हणून माईंनी डाव्या चित्रावर लाल बाण रेखाटले होते. 'हात चुकीच्या जागी.' 'पायांची दिशा चुकली.' 'दोरीची समज नाही.' वर ठळक अक्षरात 'आधी'. उजवीकडच्या चित्रावर एकही बाण नव्हता.

मुलं हसली. दुष्टपणानं नाही, मुलं हसतात तशी हसली. लिंबूही थोडी हसली, कारण सगळे हसत होते. बाईंना पाहिल्यावर ती वाट काढत खाली आली.

"बाई, माझं नंतरचं कुठंय?"

"अं?"

"हे माझं आधीचं आहे ना? मग माझं नंतरचं?"

"होईल गं," बाई म्हणाल्या. "चल, घंटा झाली." आणि घंटा झालेली नसताना त्या भराभर वर निघून गेल्या.

त्या दिवशी घरी त्या कुणाशी धड बोलल्या नाहीत. नवऱ्यानं विचारलं तर डोकं दुखतंय म्हणाल्या. खरं सांगायचं तर डोकं ठीक होतं. लाज वाटत होती, आणि लाज वाटतेय हे सांगायचीही लाज वाटत होती. लिंबूला बोलावून शिकवावं, तिचं नंतरचं चित्र खरंच घडवावं, असंही मनात आलं. पण तसं केलं असतं तर तक्त्यावरचं 'आधी'चं चित्र तिचं आहे हे कबूल केल्यासारखं झालं असतं. झाकली मूठ झाकलेली बरी, असं म्हणून त्यांनी तोही विचार सोडून दिला.

पुढच्याच आठवड्यात माईंनी बाईंचा पाठ सगळ्या रंगपेटीला थेट दाखवायचं ठरवलं. मोठ्या बाईंनी हौसेनं सभागृहातला मोठा पडदा चित्रकलेच्या खोलीत आणवला. पडद्यावर चौकटीच चौकटी, चौकटीत शिक्षक, कुणाच्या मागे कपाट, कुणाच्या मागे वाळत घातलेली चित्रं. मुलं नीट भांग पाडून बसली होती. बाईंनी सुतळीची रेघ शिकवली आणि सुंदर शिकवली. पाठ संपला तेव्हा पडद्यावरच्या चौकटी टाळ्या वाजवत होत्या.

"आता एक लाड पुरवा आमचा," माई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी घरच्यासारखा होता. "तक्त्यावरची ती मुलगी दाखवा ना. जिचं आधी-नंतर आहे ती. ये गं बाळा पुढं."

मॉनिटर उठली. आणि शेवटच्या बाकावरून लिंबूही उठली.

दोघींचंही बरोबर होतं. एकीचं नंतरचं होतं, एकीचं आधीचं. वर्गानं एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. कॅमेऱ्याला शेवटचा बाक दिसत नव्हता. बाईंनी हात कमरेमागे नेला आणि बोटांनी खूण केली, खाली बस.

लिंबू बसली.

मॉनिटर कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. "काय गं," माईंनी विचारलं, "आधी तुला असंच यायचं का? हात कानातून?"

मॉनिटरनं बाईंकडे पाहिलं. दोनदा विचारून घेणारी पोर ती, या वेळी एकदाही विचारू शकली नाही. तिनं बाईंचा चेहरा वाचला आणि म्हणाली, "हो. मला आधी काहीच येत नव्हतं."

खोटं बोलताना तिचा आवाज अगदी नीट होता. बाईंच्या मनात आलं, माणूस काढायला शिकवलं तसं हेही आपणच शिकवलं.

"थांबा," बाई म्हणाल्या. "माई, ती खोटं बोलतेय. माझ्यामुळे बोलतेय. डावीकडचं चित्र हिचं नाही. आधीचं चित्र माझ्याकडे नव्हतंच. मी मुलांना मुद्दाम वाईट काढायला सांगितलं. आणि ते चित्र ज्या मुलीचं आहे, तिनं... तिनं मुद्दाम नव्हतं काढलं. मला माहीत होतं."

पडद्यावर कुणीच हललं नाही. क्षणभर वाटलं, इंटरनेट गेलं. मोठ्या बाईंच्या चेहऱ्याकडे पाहायची बाईंची हिंमत झाली नाही. धरणीनं पोटात घ्यावं असं वाटण्याची वेळ होती, पण धरणी असल्या कामाला कधी येत नाही.

"तक्ता मी आत्ता काढून टाकते," माई सावकाश म्हणाल्या. आवाजातलं घरपण गेलं होतं. "पण ज्यांनी उतरवून घेतलाय, त्यांच्या भिंतींवरून तो कसा काढू?"

एका चौकटीतला तरुण शिक्षक उठला. त्याच्या मागच्या भिंतीवर तोच तक्ता होता, लाल बाणांसकट. त्यानं तो काढला, गुंडाळला आणि खाली कुठं ठेवावा हे न कळून हातातच धरून बसला.

बाई वर्गाकडे वळल्या. "लिंबू, ये पुढं."

लिंबू हलली नाही.

"ये गं. मला सगळ्यांसमोर तुझी माफी मागायची आहे."

"तुम्हीच बस म्हणालात ना," लिंबू म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. सांगितलेलं ऐकणाऱ्या मुलीचा सरळ आवाज होता. बाईंना रागच बरा वाटला असता. त्या स्वतःच मागे गेल्या. सगळा वर्ग पाहत होता, पडद्यावरच्या चौकटी रिकाम्या जागेकडे पाहत होत्या. लिंबूसमोर कागद होता. आजचा पाठ ऐकता ऐकता तिनं काहीतरी काढायला घेतलं होतं. सुतळीसारखी एक लांब रेघ तेवढी बाईंना दिसली.

बाई वाकल्या, तशी लिंबूनं आपला हात कागदावर आडवा टाकला. कोपरापर्यंत.

"दाखव ना," बाई म्हणाल्या.

"झालं नाही अजून," लिंबू म्हणाली, आणि तिनं दुसरा हातही वर ठेवला.