राहीबाईची दोन ताटे

मारुतीच्या देवळात मुंगीला शिरायला जागा नव्हती. बाहेर पाऊस पिरपिरत होता, आत ओल्या घोंगड्यांचा वास कोंदला होता. मधोमध बसलेले तांबडेबाबा एका पितळी ताटावरचे फडके दोन बोटांनी असे उचलत होते, जणू खाली नागच बसला आहे.

फडके निघाले. भातावर ठिकठिकाणी लालभडक थेंब उमटले होते. ओले, चकाकते, नुकत्या कापलेल्या बोटातून गळावेत तसे.

"जित्ता हाय!" बाबा गरजले. "रगत खेळतंय पोराचं! जा माय, पोळ्या कर!"

त्या ताटाची धनीण तिथेच डोके टेकून रडू लागली. बाबांनी हात जोडले. "माझं काय न्हाई बाबांनो. मी निस्ता टपालवाला. वरनं आलं त्ये वाटायचं. टपालवाल्याला दोष देऊ ने, बक्षिशी मातुर द्यावी."

"आमच्या टपालवाल्यापरास ह्यो बरा," खांबाला टेकलेला केरबा पुटपुटला. "त्यो दिवाळीपस्नं एक कारड घेऊन आला न्हाई."

पिंपळढव हे मिरजेच्या अलीकडचे, कृष्णेकाठचे गाव. घराआड एक माणूस पलटणीत. परमुलखात गेलेल्या मुलाच्या नावाने रोज ताटात घास काढायचा, ही तिथली जुनी रीत. घरातली माणसे जोंधळ्याची भाकरी खात, पण त्या ताटात रेशनचा का होईना, भातच पडायचा. पंचेचाळीस सालच्या त्या पावसाळ्यात युरोपातली लढाई संपली होती. काही जण परत आले होते. बऱ्याच घरांतली ताटे अजून वाट पाहत होती. बाबांनी नेमकी हीच रीत धरली. भात आणा, मी दुर्वांनी तीर्थ शिंपडतो, दोन दिवस झाकून ठेवा. लाल झाला तर जिवंत, पांढरा राहिला तर गेला.

चिंतामण मास्तर सगळ्यांच्या मागे, दाराशी उभे होते. चारचौघांत बोलायचे म्हटले की त्यांच्या तोंडचे पाणी पळे; शाळेत शिकवत तेही बहुधा फळ्याकडे तोंड करूनच. पण बोलत नसल्यामुळे त्यांचे लक्ष बारीक होते. बाबांजवळ दोन गडू होते, एकाला लाल दोरा, एकाला काळा. धान्याची पाटी आणणारीच्या भातावर लाल दोऱ्याच्या गडवातले तीर्थ पडे. भामाबाई रिकाम्या हाताने आली तेव्हा बाबांचा हात काळ्या दोऱ्याकडे गेला होता. तिचा भात पांढरा राहिला. ती पदर सावरत घरी गेली होती.

मास्तर राहीबाईच्या घरी गेले. तिचा सयाजी त्यांचा विद्यार्थी. तो इटलीत कामी आल्याचे पलटणीचे पत्र दिवाळीतच आले होते. मास्तरांनीच ते तिला वाचून दाखवले होते. तेव्हा ती एवढेच म्हणाली होती, "मढं कुनी बघितलं?" आणि आता बाबांच्या तीर्थाने भात लाल झाला होता. बाबांनी तिला तीर्थाची एक कुपीही दिली होती. ती रोज भातावर शिंपडायची, झाकायची, आणि लाल झालेला शिळा भात नातीला, चार वर्षांच्या लीलाला, बापाचा प्रसाद म्हणून भरवायची.

लीला घोंगडीवर पडली होती. डोळे खोल गेले होते, ओठ सुकले होते. चुलीपाशी सून बनुबाई बसली होती, कोरड्या डोळ्यांनी.

"हगवण किती दिवस आहे हिला?" मास्तरांनी विचारले.

"मिरजंला न्या म्हंते मी," बनुबाई हळूच म्हणाली.

"गप गं!" राहीबाई उसळली. "बापाची जखम भरतीया पोरीच्या पोटात. दवाखान्यात न्हेली की उलटंल, बाबा म्हनलं न्हाईत? आन् ह्ये त्वांड कशाला पाडलंस? जित्त्या न्हवऱ्याच्या नावानं रडतीस व्हय?"

मास्तरांनी ताटाकडे पाहिले. अशी गोष्ट त्यांनी एका जुन्या पुस्तकात वाचली होती. शे-सव्वाशे वर्षांपूर्वी इटलीतल्या एका शेतकऱ्याच्या घरी मक्याचा घाटा असाच रक्तासारखा लाल झाला. लोक घाबरले, पाप म्हणाले, मंत्रतंत्र झाले. शेवटी एका तरुणाने ते लाल डाग चांगल्या घाट्याला लावले, तोही लाल झाला. म्हणजे दही विरजावे तसेच ते. ओल्या, उबदार हवेत शिळ्या अन्नावर वाढणारा जिवाणू, बस्स. आणि सयाजी पडला तो इटलीतच.

पण आपले चुकत असेल तर? आणि बरोबर असेल तर? या बाईच्या हातातला मुलगा काढून घ्यायचा, आणि तिथे काय ठेवायचे? तेवढ्यात लीला कण्हली.

"राहीबाई," ते म्हणाले, "सयाजीचं विचारलंत, तसं एकदा जोतीरामचंही विचारा."

जोतीराम हा तिचा नवरा. त्याला जाऊन बरीच वर्षे झाली होती.

"आवं मास्तर, त्याला ह्या डोळ्यांनी जळताना बघितलाय. त्याचा भात पांढराच ऱ्हानार!"

"मग घालवा माझी शंका. दुसरं ताट माझ्या नावानं मांडा. जोतीरामच्या भातावर कुपीतलं तीर्थ, माझ्यावर नुसतं उकळलेलं पाणी. तोवर पोरीला शिळं काही देऊ नका. ताजी पेज, मीठ घालून."

"तुमी द्येव मानत न्हाई, तुमास्नी पानीच," राहीबाई फणकारली. पण मास्तरांचे तोंड बंद होईल या आशेने तिने ताजा भात रांधला. मास्तरांनी स्वतःचे ताट आणि फडके उकळत्या पाण्यातून काढून घेतले. दोन्ही ताटे तिने स्वतःच्या हाताने झाकली.

ते दोन दिवस मास्तरांना अन्न गेले नाही. ताटांची वाट पाहण्यापेक्षा पोरीला उचलून सरळ गाडीत घालायला हवे होते, असे त्यांना शंभरदा वाटले आणि शंभरदा धीर झाला नाही. पेजेने हगवण थोडी थांबली, एवढाच आधार.

ताटे उघडली तेव्हा राहीबाई एकटीच होती. तिने काय पाहिले ते कुणाला सांगितले नाही. दोन्ही ताटे पुन्हा झाकून ती देवळाकडे चालू लागली. मागून लीलाला कडेवर घेऊन बनुबाई, आणि तिच्यामागे धावतपळत मास्तर.

"बाबा," भर गर्दीत तिने एक ताट पुढे ठेवले. "ह्ये बघा."

बाबांनी फडके उचलले. लालभडक. "जित्ता!" ते गरजले. "काय रगत हाय! येत्या पुनवंला दारात हुबा ऱ्हाईल!"

"आन् ह्ये?"

दुसरा भात आंबला होता, पण पांढरा होता. बाबांनी डोळे मिटले. "गेला गं माय. मातीत मिसळला."

"हां." राहीबाईने दाराकडे बोट केले. "ह्यो मेलेला म्हंजी चिंतामण मास्तर. त्यो बघा दारात हुबा. आन् पुनवंला येनार त्यो माझा मालक. वड्याच्या काठाला जाळला त्याला, ह्या केरबानं लाकडं फोडली हुती."

देऊळ खदखदून हसले. "मास्तर, तेराव्याला बोलवा रं आमास्नी!" केरबा ओरडला.

पण ते हसू अर्ध्यातच विरले. प्रत्येक बाईला आपापले ताट आठवले होते.

बाबा झोळी आवरू लागले. "शंकेखोर घरात तीर्थ उलटं फिरतं..."

"गडू राहू द्या," मास्तर म्हणाले. ते गर्दीतून पुढे आले. लाल दोऱ्याचा गडू त्यांनी हळूच कलता केला. तळाशी जुन्या लाल भाताची शिते बसली होती. "हेच विरजण. याचं पाणी ज्या भातावर पडेल तो लाल होईल, मग नाव कुणाचंही घ्या. काळ्या दोऱ्याच्या गडवात नुसतं पाणी आहे. हे रक्त नाही. शेवाळ वाढतं तसा वाढणारा एक बारीक जीव आहे. त्याला कुणाचा मुलगा माहीत नाही."

भामाबाई गर्दीतून उठली. "म्हंजे माझा सिद्धू... जित्ता हाय?"

मास्तरांना खोटे बोलायचा मोह झाला. फार मोठा मोह झाला.

"मला ठाऊक नाही, भामाबाई," ते म्हणाले. "भाताला तर मुळीच ठाऊक नाही. पलटणीला लिहून विचारू. मी लिहितो."

त्या गडबडीत बाबा केव्हा निसटले ते कुणी पाहिले नाही. कुणी धावलेही नाही. राहीबाई सुनेकडे वळली. तिच्या कडेवरची लीला तिने आपल्याकडे घेतली.

"बने," ती म्हणाली, "सयाजी गेला गं. रड आता. मी तुला रडू दिलं न्हाई."

बनुबाईने पदर तोंडात कोंबला. मग तो काढून टाकला, आणि दिवाळीपासून अडलेले रडणे मारुतीच्या देवळात मोकळे झाले.

मिरजेच्या दवाखान्यात लीला बरेच दिवस होती. वाचली, पण पुढे कित्येक महिने ती भिंतीला धरूनच चालायची. डॉक्टरांनी राहीबाईला उकडलेल्या बटाट्याच्या चकतीवर वाढवलेला तो लाल ठिपका दाखवला. तिने वाकून डोळे अगदी जवळ नेले.

"एवढुसं?"

"एवढंसंच. पोरीचं पोट बिघडवलं ते मात्र शिळ्या भातानं. शिळ्यात असले नाना जीव वाढतात, आणि सगळेच असे रंग दाखवत नाहीत."

"आन् ह्याच्यात मी माझं ल्येकरू हुडकत हुते," ती म्हणाली.

कळत नाही ते कळत नाही म्हणावे, विचारावे, तपासून पाहावे. आणि माणूस गेला असेल तर त्याच्यासाठी रडावे. एवढे केले तर माणसाच्या दुःखावर कुणाचे दुकान चालणार नाही. मास्तर हे पुढे शाळेत सांगत, तेही फळ्याकडे तोंड करूनच.

राहीबाईला ते सांगावे लागले नाही. परत आल्यावर पहिल्याच संध्याकाळी तिने सवयीने सयाजीच्या ताटात भात काढला. फडके हातात घेतले आणि थांबली. मग ताट लीलासमोर सरकवले.

"ऊन हाय तवर खा, बाय," ती म्हणाली, आणि फडके खुंटीला टांगून ठेवले.